मंगल कार्यालयाचे विद्यापीठ जाहले, त्याची हकिकत

श्री गजानन प्रसन्न. श्री शारदा प्रसन्न, आणि तिला सवड नसेल तर निदान नाराज तरी नसावी. कोणी हुकूम केला नाही, कोणी पुसिले नाही, तथापि घडले ते लोपू नये सबब लिहितो. शके एकोणीसशे सत्तावीस, पार्थिव नाम संवत्सर, वैशाख सरता लग्नसराई उतरणीस लागली, ते समयी एका घाटाखालील मुलखात श्रीमंत अप्पासाहेब टेकवडे म्हणून थोर पुरुष नांदत होते. खडीच्या क्रशरवर उदय पावले, आणि क्रशरची धूळ खाली बसते न बसते तोच हमरस्त्यालगत टोलेजंग मंगल कार्यालय उभारिले, आणि त्या कार्यालयाची कीर्ती दाही दिशा जाहली, की बासुंदी खावी तर तेथेच आणि हरवलेली चप्पल मिळावी तर तेथेच. मग मुहूर्त सरले. मांडव ओस पडला. अप्पासाहेब व्यासपीठावरील वधूवरांच्या मखमली खुर्चीत खासे विराजमान होऊन उसासे टाकू लागले, आणि कार्यालयाचे व्यवस्थापक त्रिंबकपंत धारप हात बांधून शेजारी उभे राहिले. अप्पासाहेब बोलते जाहले, "पंत, मांडव रिकामा पाहवत नाही हो. लोक लग्न करतात ते चार महिने. बाकीचे आठ महिने करतात तरी काय?" पंत स्वभावे मिस्कील, जिभेस हाड नाही. ते म्हणाले, "लग्नाच्या आधी शिकतात, अप्पासाहेब. तेही इथंच करू द्या की!" हे हसण्यावारी बोलिले. अप्पासाहेब हसले नाहीत. अहो, तेथेच घात जाहला.

मग काय विचारता! शुभ दिवस पाहून नारळ फोडिला आणि महाविद्यालय सुरू केले. वधूपक्षाची खोली ती पदार्थविज्ञानशाळा जाहली, वरपक्षाची खोली ती रसायनशाळा जाहली, भटारखान्यास हॉटेल व्यवस्थापन म्हणो लागले, आणि आचारी विठोबा शेवडे यांस विभागप्रमुखपदाची वस्त्रे दिली. खरे सांगावे तर साऱ्या संस्थानात आपला विषय जाणणारा विभागप्रमुख तो एकच. त्रिंबकपंत व्यवस्थापकाचे कुलसचिव जाहले. मेज तेच, घंटी तीच, पाटी मात्र नवी. फेटे बांधणारा रावबा होता, त्यास विद्यार्थिकल्याणाचे संचालक केले, परंतु तो आपला पूर्वीप्रमाणेच कोपऱ्यात बसून फेट्यांच्या घड्या घालीत असे. वेळापत्रक पंचांग पाहून लाविले. मुहूर्ताचे दिवशी हॉलला बुकिंग असे, ते दिवशी वर्गास सुट्टी; पितृपक्षात आणि अधिक मासात शिक्षणास भरती येई. आणि मग एकेक प्रांत काबीज होत चालला. अभियांत्रिकी घेतली, औषधनिर्माण घेतले, विधी घेतला, शेतकीवर स्वारी केली, आणि दर स्वारीस नवी इमारत लागे ती लागलीच नाही, कारण अप्पासाहेबांनी पाट्यांस चाके बसविली होती. सकाळी विधीची पाटी पुढे, दुपारी औषधाची. कोनशिला मात्र जागोजागी बसविल्या. माळावर फिरणाऱ्यास ठेच लागावी इतक्या कोनशिला, आणि भिंत म्हणाल तर एक नाही.

पुढे राजधानीच्या दरबारी वकील पाठविले, नजराणे गेले, मसलती जाहल्या, आणि संस्थानास खासगी विद्यापीठाची सनद आली. अप्पासाहेब कुलपती जाहले. त्या दिवशी हत्ती मिळेना म्हणून वरातीची घोडी सजवून तीवर बसले, आणि बँडवाल्यांस विद्यापीठगीत येत नसल्यामुळे त्यांनी वरातीचेच वाजविले, आणि कोणास काही खटकले नाही. पदवीदान समारंभात पदवी हाती देताच मागून अक्षता पडत. एक मुलगा पदवी घेऊन परतताना एका म्हातारीने त्यास विचारिले, "मुलगी कुठाय रे?" ऐसी एकेक मौज. माहितीपत्रक पंतांनी स्वहस्ते लिहिले. बोअरच्या हौदास सरोवर म्हटले, जनरेटरच्या खोलीस ऊर्जा संशोधन केंद्र म्हटले, पार्किंगला क्रीडांगण म्हटले. पंतांची लेखणी लग्नपत्रिकेवर तयार जाहलेली. तीत खोटे काही नसते, फक्त सारेच चिरंजीव आणि सारेच श्रीमंत असतात.

आता पंतांचे अंतरंग सांगतो. माणूस वाईट नव्हे. चार भिंतींचे घर, उमाबाई म्हणून शांत कुटुंब, आणि केतकी नामे एकुलती कन्या, तीवर पंतांचा जीव की प्राण. पोर मोठी चौकस. लहानपणी पंख्याचे बटण दाबून विचारी, की पंखा बंद केल्यावर त्यातला वारा कुठे जातो. पंत म्हणत, "तुझ्या आईकडे." तिला ते पटत नसे. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथ नाम संवत्सर, ती बारावी उत्तम गुणांनी उतरली, आणि पदार्थविज्ञान शिकावे ऐसा तिचा निश्चय जाहला. जिल्ह्याचे ठिकाणी जुने सरकारी कॉलेज होते, तेथे नाव लागले होते. परंतु अप्पासाहेबांनी पंतांस बोलाविले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पंत, हलवायाचं पोरगं दुसऱ्याच्या दुकानात पेढे खायला गेलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? आपल्या केतकीला आपण फी माफ केली." पंतांस जिल्ह्याच्या कॉलेजात लागलेले नाव आठवले. परंतु नोकरीचा मामला. ते म्हणाले, "आपली कृपा," आणि कन्येस त्याच मांडवात दाखल केले.

तीन वर्षे ऐसीच चालली. शिक्षक येत आणि जात, जात ते न सांगता जात. जे राहत ते वर्गात उभे राहून गाइड वाचून दाखवीत, आणि गाइडचे पान फाटलेले निघाले की तो भाग परीक्षेस नाही म्हणोन सांगत. केतकी घरी येऊन बोले, "बाबा, लॅबला कुलूप का असतं हो?" पंत म्हणत, "आत मुलीकडचे उतरलेत." ती म्हणे, "काल पण तेच सांगितलंत." पंत म्हणत, "दाट मुहूर्त आहेत, बाळ." पोर मुकाट्याने पुस्तक उघडून आपले आपण वाचीत बसे, आणि पंतांच्या ताटातील भाजी गार होई. उमाबाई ती पुन्हा तापवून आणीत. 

मग हेमलंबी नाम संवत्सर, शके एकोणीसशे एकोणचाळीस, माघ मासी राजधानीहून खलिता आला, की तपासणी समिती खासा येत आहे; शिक्षक, ग्रंथ, प्रयोगशाळा जातीने पाहील; पास केली तर सनद कायम आणि आजवरच्या साऱ्या पदव्या कायम, नापास केली तर सनद रद्द, आणि सध्या शिकतात त्यांची वर्षे रद्द. पंतांनी तो मजकूर वाचिला आणि पायांखालील फरशी सरकली. संस्थान बुडेल ते बुडो, पोरीची तीन वर्षे पाण्यात जातात! त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी अप्पासाहेबांनी व्यासपीठावर खलबत भरविले. आचारी विठोबा, रावबा, पंत, आणि खासे मखमली खुर्चीत. अप्पासाहेब म्हणाले, "घाबरता कशाला? समिती म्हणजे कोण? वरपक्ष! आजवर किती वरपक्ष सांभाळले आपण! पाय धुवायला गरम पाणी, फेटा, नारळ, पंगतीत मानाचं पान. रुसला वरपक्ष कधी आपल्या कार्यालयातून?" पंत म्हणाले, "पण अप्पासाहेब, ते शिक्षक बघणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" अप्पासाहेब म्हणाले, "आणू की भाड्यानं! मांडवाला खुर्च्या कमी पडल्या की आणतो ना?"

मग तजवीज जाहली. शेजारच्या तालुक्यातील दलालास फोन गेला, की पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित जाणणारी, निदान तशी सर्टिफिकिटे बाळगणारी, तीन माणसे एका दिवसाकरिता पाठविणे. ग्रंथ म्हणोन रद्दीवाल्याकडून टेम्पोभर पुस्तके आणविली आणि कपाटांत पाठ बाहेर करून लाविली. समितीचा अहवालही पंतांकडून आधीच लिहवून घेतला, खाली सहीपुरती जागा ठेविली. अप्पासाहेबांचे म्हणणे, पाहुण्यांस लिहिण्याचा त्रास कशास? राहिली एक पंचाईत. समितीस कोणी पाहिलेले नाही, भाडोत्री मास्तरांसही कोणी पाहिलेले नाही, ओळखावे कैसे? रावबा म्हणाला, "मालक, लग्नात करतो तसं करू. मुलाकडच्यांना केशरी फेटा, मुलीकडच्यांना गुलाबी. समिती मुलाकडची, मास्तर आपल्या घरचे, म्हणजे मुलीकडचे." ही युक्ती साऱ्यांस बहुत पसंत पडली. पंतांसही पसंत पडली, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

नेमल्या दिवशी प्रातःकाळी सनई लाविली, सडे घातले, आणि पंत मागील फाटकाशी रद्दीचा दुसरा टेम्पो उतरविण्यात गुंतले. वेशीवर रावबा एकटा, दोन्ही बाजूंस दोन रंगांचे ढीग. नेमल्या वेळेच्या कितीतरी आधी एक लहानशी धुळकट मोटार आली, आणि तीतून तीन माणसे गुपचूप उतरली. पुढे एक बाई, सुती साडी, खांद्यास पिशवी, हाती स्वतःचा डबा. कोणावर ओरडणे नाही, चहाची मागणी नाही, उलट रावबास विचारले, "गाडी इथं लावली तर चालेल ना दादा?" रावबाची हयात मांडवात गेलेली. त्याने पक्के जाणिले, की जे वेळेआधी येतात, डबा सोबत आणतात आणि गाडी लावण्यास परवानगी मागतात, ते मुलीकडचे. त्याने तिघांस गुलाबी फेटे बांधिले. त्यानंतर बऱ्याच वेळाने एक जीप धापा टाकीत आली. वाटेत चाक पंक्चर जाहले होते, सबब तीतील तिघे तापलेले. "अरे, कोणी आहे का नाही इथं? पाणी नाही, चहा नाही, ही काय पद्धत झाली?" रावबा कमरेत वाकला. उशिरा आले, येताच रुसले, आणि पाण्यावरून तक्रार केली. मुलाकडचे ते हेच! तिघांस केशरी फेटे, वर तुरा.

ऐसे करून डॉक्टर कुमुदिनी साबडे, समितीच्या अध्यक्षा, साऱ्या राज्यात ज्यांच्या नावाने कुलगुरू चळचळा कापत, त्या गुलाबी फेटा बांधून आवारात उभ्या राहिल्या; आणि चिंतामण लोंढे, एकेकाळचे एम.एस्सी., हल्ली विमा एजंट, ते केशरी फेट्यात सनईच्या सुरावर हुजुरांकडे चालले. पंत धावत आले, गुलाबी फेटे पाहिले, आणि कपाळीचा घाम पुसून बाईंच्या कानाशी म्हणाले, "उशीर केलात हो! ती केशरीवाली मंडळी पोचलीसुद्धा. आता लवकर वर्गावर चला. पदार्थविज्ञान तुम्हीच ना?" बाई म्हणाल्या, "हो, पदार्थविज्ञानच." पंत म्हणाले, "छान. दुपारपर्यंत काहीही बोला, पण गप्प राहू नका. कोणी विचारलं तर म्हणायचं, सहा वर्षं इथंच आहे, पगार वेळेवर होतो, लॅब रोज उघडते." बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "आणि रोज कोण शिकवतं?" पंत कळवळून म्हणाले, "रोजचं काय काढलंत बाई! आज निभावून न्या." आणि दार उघडून त्यांस आत ढकलिले. दुसऱ्या दोघांस रसायनाकडे आणि गणिताकडे ढकलिले. साबडेबाई तेथेच ओळखपत्र काढत्या तर प्रकरण तेथेच मिटते. परंतु समोर मुले उठून उभी राहिली होती. बाईंनी खूप वर्षांत वर्ग घेतला नव्हता; तपासणी, अहवाल, पुन्हा तपासणी, यातच केस पिकले होते. फेटा सावरून त्या म्हणाल्या, "बसा."

पंत दाराच्या फटीशी राहिले, कारण त्या वर्गात केतकी होती. बाईंनी पुसिले, प्रकाशाचे वक्रीभवन म्हणजे काय? साऱ्या वर्गाने आरती म्हणावी तैसी व्याख्या म्हटली. बाई म्हणाल्या, "आता हे पाहिलंय कोणी?" मुलांनी एकमेकांकडे पाहिले. "लॅब?" मागून एकजण म्हणाला, "तिथं मुलीकडचे उतरतात, मॅडम."  मग बाईंनी भटारखान्यातून काचेचा ग्लास, पाणी आणि चमचा मागविला, ग्लासात चमचा उभा केला, आणि एकेकास जवळ बोलावून दाखविला. "वाकलाय?" "वाकलाय." "काढून बघ." "सरळ आहे!" अहो, चमचा तो काय, जन्मभर आमटीत पाहिलेला, परंतु पोरे अशी झुंबडली जणू जादूगार आला आहे. बाईंनी खडू घेऊन फळ्यावर रेघा ओढिल्या, किरण कोठे मोडतो आणि का मोडतो ते दाविले. तेव्हा केतकी उठून म्हणाली, "मॅडम, आपल्याला चमचा वाकडा दिसतो हे कळलं. पण पाण्यात मासा असेल, तर त्याला आपण कसे दिसत असू?" बाईंचा चेहरा ऐसा खुलला की फेट्याचा रंग फिका पडला. म्हणाल्या, "अगं, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं कोणी विचारला नाही! ये, पुढं ये." आणि दोघी फळ्यापाशी उभ्या राहून आकृती काढू लागल्या, की माशास वरील सारे जग एका गोल खिडकीत आखडून आल्यासारखे दिसते, आणि त्या खिडकीबाहेर पाहू जाता पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो. घंटा जाहली. कोणी उठेना. पंत फटीतून पाहत होते. तीन वर्षांत पोरीचा ऐसा चेहरा त्यांनी घरी एकदाही पाहिला नव्हता. त्यांस आनंद जाहला, आणि पाठोपाठ भडभडून आले, आणि भाड्याच्या बाईस दलालास न सांगता आणखी एक दिवस ठेवून घेता येईल काय, ऐसा विचार मनी आला.

इकडे व्यासपीठावर अप्पासाहेब आणि लोंढे यांचा रंग भरला होता. लोंढ्यांस दलालाने बजाविले होते, की तोंड उघडू नको, देतील ते घे. परंतु एजंटाच्या जातीस गप्प बसवते थोडेच? बासुंदीची दुसरी वाटी होताच ते म्हणाले, "अप्पासाहेब, इतका पसारा, आपण स्वतःचा विमा उतरवलाय का?" अप्पासाहेबांनी डोळा बारीक केला. मनी म्हणाले, समितीवाले मोठे धूर्त, सरळ मागत नाहीत, हा इशारा आहे. म्हणाले, "नाही उतरवला. उतरवायचा?" "मी तर म्हणतो, साऱ्या कुटुंबाचा उतरवा." "उतरवला!" "सुनांचा?" "सुनांचा, नातवंडांचा, घोडीचासुद्धा!" लोंढ्यांनी उभ्या आयुष्यात इतके सुलभ गिऱ्हाईक पाहिले नव्हते, डोळ्यांत पाणी आले. अप्पासाहेबांनी ते पाणी पाहून जाणिले की समिती खिशात आली.

मग पंगत बसली. केशरी फेटे मानाच्या पाटावर, भोवती रांगोळी. गुलाबी फेटे दाराजवळ, जेथे वाढपी पोहोचेतो भाजी संपते. विद्यार्थी दाराशी दाटले. पाने वाढून होताच अप्पासाहेबांनी आधी लिहिलेला अहवाल चांदीच्या तबकात ठेवून लोंढ्यांपुढे केला आणि पंतांकरवी पेन दिले. लोंढ्यांनी वाचिले, आणि बासुंदी घशात अडकली. पंतांचा हात धरून हळूच म्हणाले, "अहो पंत, मी लोंढे. दलालानं पाठवलेला. हे समितीचं कागदपत्र माझ्यापुढं कशाला?" पंतांनी लोंढ्यांकडे पाहिले. मग दाराजवळील गुलाबी फेट्याकडे पाहिले. बाईंनी पानातला भात संपवून आपला डबा उघडला होता आणि त्यातील पोळी खात त्या पंतांकडेच पाहत होत्या.  बाई उठल्या, हात धुतला, फेटा सोडून नीट घडी घालून रावबाच्या हाती दिला, आणि पिशवीतून ओळखपत्र काढून गळ्यात घातले.

मंडपातील सनईवाला अर्ध्या सुरातच थांबला. परंतु अप्पासाहेब म्हणजे रणातील मोहरा, पडले तरी नाक वर! हात जोडून म्हणाले, "बाईसाहेब, ही आमच्या संस्थानाची रीत! थोर पाहुणा आला की आधी वर्गावर, मग मानपान. शारदेचा मान पहिला!" बाई म्हणाल्या, "छान रीत आहे. आता मी एकच विचारते, आणि तुम्हाला नाही, कुलसचिवांना विचारते, कारण साऱ्या कागदांवर सही त्यांची आहे. पंत, या विद्यापीठात रोज शिकवणारे शिक्षक आहेत का? तुम्ही हो म्हणालात, तर कुलसचिव हो म्हणाले, एवढंच मी लिहीन, पुढचं राजधानीत ठरेल. नाही म्हणालात, तर आजच इथं ठरेल." अप्पासाहेबांचा जीव भांड्यात पडला. राजधानीत ठरणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? तेथे त्यांचे वकील बसलेलेच होते. त्यांनी पंतांकडे पाहून मान हलविली, आणि ओठांनी न बोलता सांगितले, 'उपकुलगुरू करतो.' एक अक्षर बोलण्याचा अवकाश. हो म्हणावे, सनद कायम, नोकरी कायम, पोरीची पदवी हाती. नाही म्हणावे, तर तिची तीन वर्षे आपल्याच जिभेने मातीत घालावी. पंतांनी दाराकडे पाहिले. केतकी हाती तो ग्लास धरून उभी होती, आणि शेजारच्या मैत्रिणीस बोटाने काही समजावीत होती. तिला समिती कोण आणि मास्तर कोण याचा पत्ताच नव्हता. ती आवाज चढवून म्हणाली, "मॅडम, उद्या येणार ना? आरशाचं राहिलंय!"

पंतांचे ओठ हलले. "नाहीत," म्हणाले. कोणास ऐकू आले नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "शिक्षक नाहीत, बाई. कधीच नव्हते. लॅब उघडत नाही. पुस्तकं परवा टेम्पोनं आली. सगळं मीच लिहिलंय." अप्पासाहेब मटकन खाली बसले, खाली पाट नव्हता, बासुंदीचे पातेले होते.

मग जे व्हावयाचे ते जाहले. सनद गेली, पाट्या चाकांसह अडगळीत गेल्या, आणि पोरांस जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात दाखल करून घेतले, परंतु पहिल्या वर्षापासून. लोंढ्यांच्या पॉलिस्या मात्र रद्द जाहल्या नाहीत, त्या वर्षी त्यांस विमा कंपनीचे सुवर्णपदक मिळाले. अप्पासाहेबांनी पंतांस काढून टाकिले, आणि पुढील लग्नसराईस मंगल कार्यालयाचे उद्घाटन ऐशा थाटात केले जणू गड सर करून परतले. घोडी तीच होती. साबडेबाईंनी तपासणीचे पद सोडिले आणि निवृत्तीस वर्ष उरले असता त्याच सरकारी कॉलेजात वर्ग मागून घेतले. दरबारी मंडळी म्हणाली, बाईंचे डोके फिरले. केतकी पित्याशी बोलेनाशी जाहली. उंबऱ्यावर चपला दिसत, ताटावर हात दिसे, शब्द नाही. उमाबाई मध्ये बसून दोघांस वाढीत.

एके दिवशी जेवताना केतकीने मान वर केली आणि विचारिले, "बाबा, त्या दिवशी म्हणालात ते 'नाहीत', ते मला तिथं घालायच्या आधी का नाही म्हणालात?" पंत घास हाती धरून म्हणाले, "नोकरी गेली असती गं." ती म्हणाली, "आता राहिली का?" पंतांनी घास ताटात परत ठेविला. आमटी वाहून भाताखाली गेली.  मग तीच म्हणाली, "उद्यापासून माझं कॉलेज आहे. पहिल्या वर्षाच्या मुली माझ्यापेक्षा लहान, मी तिथं ताई म्हणून बसणार." आणि थोड्या वेळाने, "सकाळची एसटी आहे. स्टँडपर्यंत याल का?" पंत उठले आणि हात न धुताच सायकलीचे पंक्चर पाहावयास गेले. आतून उमाबाई ओरडल्या, "अहो, हात तरी धुवा!"

ऐसी ही कथा. संस्थान मांडवातून उगवले, कोनशिलांनी वाढले, फेट्यांनी फसले आणि एका शब्दाने बसले. त्यात अप्पासाहेबांचे काही गेले नाही, त्यांच्या पंगती आजही उठतात. त्रिंबकपंतांचे सर्व गेले, आणि मिळाले म्हणावे तर सकाळी कन्येस एसटीत बसवून परत येणे तेवढे मिळाले. ती खिडकीतून हात करते की नाही, हे रोज पाहावे लागते. बहुतेक दिवशी करते. लेखनसीमा.